जुना प्रोसेसर चालेल, जुना बोर्ड नको: सर्व्हरच्या झिऑनवर गेमिंग पीसी बांधावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडला राहणाऱ्या, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याकडे गेमिंग पीसीसाठी ४०,००० रुपये आहेत. १०८० पिक्सेलचा ७५ हर्ट्झ मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस घरात आहेत. मुंबईतील संगणकाच्या सामानाची बाजारपेठ असलेल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका विक्रेत्याने त्याला सर्व्हरमधून निघालेला इंटेलचा चौदा कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा भाग) झिऑन ई५-२६८० व्ही४ हा प्रोसेसर, ‘एक्स९९’ मदरबोर्ड, कूलर आणि ३२ जीबी रॅम असा संच १२,५०० रुपयांना देऊ केला आहे. याउलट इंटेलचाच ‘कोअर आय३-१२१००एफ’ हा नवा, चार कोअरचा डेस्कटॉप प्रोसेसर, एच६१० बोर्ड आणि १६ जीबी रॅम यांना मिळून १९,५०० रुपये पडतात. एसएसडी (साठवणुकीची डिस्क), एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेट यांसाठी साडेनऊ हजार बाजूला काढले, तर पहिल्या मार्गाने ग्राफिक्स कार्डासाठी १८,००० रुपये उरतात आणि दुसऱ्या मार्गाने ११,०००. तो प्रामुख्याने व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळतो, सुट्टीत सायबरपंक २०७७ सारखे मोठे खेळ खेळतो, आणि पुढेमागे १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेण्याचा त्याचा विचार आहे. कमी पैशांत चौदा कोअर मिळत असताना जास्त पैसे मोजून चार कोअर का घ्यावेत, असे त्याने विचारले आहे.

माझे उत्तर त्याला थेट आणि आधीच सांगून टाकतो. हा संच घेऊ नका. मात्र ‘सर्व्हरचा जुना माल की डेस्कटॉपचा नवा माल’ अशी जी निवड तुमच्यासमोर मांडली गेली आहे ती अपुरी आहे, कारण डेस्कटॉपचा जुना प्रोसेसर नव्या बोर्डावर बसवणे हा तिसरा मार्ग तुमच्या खिशाला आणि तुमच्या खेळांना अधिक मानवणारा आहे. त्या मार्गाकडे येण्यापूर्वी झिऑनमध्ये नेमके काय कमी पडते आणि काय पडत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण या बाबतीत दोन्ही बाजूंनी बरीच अतिशयोक्ती केली जाते.

७५ हर्ट्झच्या पडद्याला दर १३.३ मिलिसेकंदांनी एक नवे चित्र लागते, आणि १४४ हर्ट्झच्या पडद्याला ते ६.९ मिलिसेकंदांत लागते. तेवढ्या अवधीत प्रोसेसरने माउसची हालचाल वाचायची, इतर खेळाडूंच्या जागा ठरवायच्या, वस्तूंच्या टकरीचे गणित करायचे आणि शेवटी कोणते चित्र कसे काढायचे याच्या आज्ञांची यादी ग्राफिक्स कार्डाकडे पोहोचवायची, असा क्रम असतो. यातील काही कामे वेगवेगळ्या कोअरवर वाटता येतात. पण बहुतेक खेळांत एक मुख्य थ्रेड, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालणारी कामांची साखळी, असतो, आणि त्याचे काम पूर्ण झाल्याशिवाय पुढचे चित्र सुरू होत नाही. त्यामुळे खेळाची गती प्रामुख्याने एकटा कोअर किती लवकर काम उरकतो यावर ठरते. बारा डब्यांच्या लोकलला आणखी तीन डबे जोडले, तर जास्त माणसे गाडीत मावतात, पण विरारहून चर्चगेटला कोणीही लवकर पोहोचत नाही. चौदा कोअरचे खेळाच्या बाबतीत तसेच आहे.

आता या दोन प्रोसेसरांतील एकेका कोअरची तुलना करू. ई५-२६८० व्ही४ हा २०१६ सालचा, ब्रॉडवेल पिढीचा प्रोसेसर आहे. त्याचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ आहे आणि विक्रेता सांगतो तो ३.३ गिगाहर्ट्झचा वेग एखाददुसराच कोअर जागा असताना मिळतो. सगळे कोअर कामाला लागले की वेग २.९ वर येतो. आय३-१२१००एफ हा २०२२ सालचा आहे आणि ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. पण फरक एवढ्या गिगाहर्ट्झपुरता नाही. मधल्या पिढ्यांमध्ये प्रोसेसरच्या घड्याळाच्या दर ठोक्याला होणारे कामही वाढलेले असल्यामुळे, दोन्ही गोष्टींचा गुणाकार केला की आय३ चा एक कोअर झिऑनच्या एका कोअरच्या दीडपटीहून बराच पुढे, दुपटीच्या जवळ जातो. दुसरीकडे, सगळे कोअर एकाच वेळी राबतील असे काम दिले, तर चौदा कोअरचा झिऑन चार कोअरच्या आय३ च्या पुढे राहतो, हेही मान्य केले पाहिजे. मात्र इंटेलचा आय५-१२४००एफ किंवा एएमडीचा रायझन ५ ५६०० यांसारखे सहा कोअरचे प्रोसेसर त्या एकूण कामातही झिऑनच्या आसपास पोहोचतात. सहा वर्षांत चौदाचे काम सहांनी करावे एवढी प्रगती झाली आहे.

झिऑनच्या समर्थकांची एक बाजू मात्र खरी आहे, आणि ती नाकारणारा माणूस तुम्हाला अर्धवट सल्ला देत आहे असे समजा. सायबरपंक २०७७ सारखा खेळ ७५ हर्ट्झच्या पडद्यावर, चित्राची गुणवत्ता चढवून खेळताना अडचण बहुधा ग्राफिक्स कार्डाची असते. अशा वेळी १८,००० रुपयांचे कार्ड आणि झिऑन हे जोडपे ११,००० रुपयांच्या कार्डाला आणि आय३ ला मागे टाकू शकते. तुम्ही केवळ अशा प्रकारचे, एकट्याने खेळायचे खेळ सेकंदाला साठ फ्रेमच्या (चित्रांच्या) आसपास खेळणारे असता, तर माझे उत्तर इतके ठाम नसते. तुमचे रोजचे खेळ मात्र उलट प्रकारचे आहेत. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांत ग्राफिक्स कार्डावर भार कमी असतो आणि प्रोसेसर सीमा ठरवतो. रेझोल्यूशन उतरवल्याने प्रोसेसरचे काम हलके होत नाही, त्यामुळे तिथे सेटिंग खाली आणूनही सुटका नाही. शिवाय फ्रेमची सरासरी बरी दिसत असतानाही धुराच्या, गोळीबाराच्या, दहा खेळाडू एकत्र आल्याच्या क्षणी होणारी घसरण ही संथ कोअरचीच खूण असते, आणि नेमक्या त्याच क्षणी खेळाचा निकाल लागत असतो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतल्यावर ही उणीव दुप्पट जाणवेल.

रॅमच्या बाबतीत विक्रेते चार चॅनेलचा, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यातील चार समांतर वाटांचा, मुद्दा पुढे करतात. चार चॅनेलमध्ये डीडीआर४-२४०० लावली तर कागदावर सेकंदाला ७६.८ जीबी मिळतात, आणि डेस्कटॉपवर दोन चॅनेलमध्ये डीडीआर४-३२०० लावली तर ५१.२ जीबी. हे गणित बरोबर आहे, परंतु खेळाला एका दमात मोठा साठा हलवण्यापेक्षा छोटी माहिती चटकन हाती येण्याची गरज जास्त असते, आणि त्या बाबतीत सर्व्हरची व्यवस्था मागे आहे. सर्व्हरच्या रजिस्टर्ड रॅममध्ये आज्ञा आधी एका वेगळ्या चिपमधून जात असल्यामुळे आणखी एका ठोक्याची भर पडते. त्यातही चार चॅनेल हवे असतील तर चार पट्ट्या लागतात. १६ जीबीच्या दोन पट्ट्या देऊन ‘क्वाड चॅनेल’ म्हणणारे विक्रेते मी पाहिले आहेत, आणि स्वस्त ‘एक्स९९’ बोर्डांपैकी काहींवर जागाच दोन पट्ट्यांची असते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की ही रजिस्टर्ड ईसीसी (चुका पकडून दुरुस्त करणारी) रॅम उद्या तुम्ही डेस्कटॉप बोर्ड घेतला तर त्यावर चालणार नाही. पट्टी खाचेत नीट बसते, पण मशीन सुरूच होत नाही. पट्टीवरच्या लेबलावर वेगाच्या आकड्यानंतर ‘आर’ असेल तर ती रजिस्टर्ड, ‘यू’ असेल तर साधी डेस्कटॉपची, ‘ई’ असेल तर रजिस्टरशिवायची ईसीसी. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव चढल्यामुळे ३२ जीबीचा हा आकडा मोहात पाडणारा आहे, हे मी समजू शकतो. पण या खेळांना १६ जीबी पुरते.

येथपर्यंतचे दोष सहन करण्यासारखे आहेत. या संचाचा खरा प्रश्न बोर्डाचा आहे, आणि त्याकडे सहसा कोणाचेच लक्ष जात नाही.

विक्रेता ‘सर्व्हरचा माल’ म्हणतो तेव्हा त्यातील प्रोसेसर आणि रॅम खरोखरच सर्व्हरमधून निघालेले असतात. डेटा सेंटरमध्ये ते वातानुकूलित खोलीत, स्थिर वीजपुरवठ्यावर काही वर्षे राबलेले असतात आणि कंपनीने यंत्रे बदलली म्हणून बाहेर पडलेले असतात. प्रोसेसर हा संगणकातील सर्वांत कमी बिघडणारा भाग आहे. दहा वर्षांचा झिऑन आणखी दहा वर्षे चालेल यावर मी पैज लावायला तयार आहे. मात्र त्याच्याखाली जो बोर्ड दिला जातो, तो सर्व्हरचा नसतोच. ज्या सॉकेटवर हे प्रोसेसर बसतात, त्या २०११-३ सॉकेटसाठीचा इंटेलचा एक्स९९ चिपसेट (बोर्डावरचे पोर्ट आणि जोडण्या सांभाळणारी चिप) २०१४ सालचा आहे आणि नामांकित कंपन्यांनी त्याचे बोर्ड बनवणे केव्हाच थांबवले आहे. बाजारात ‘नवे’ म्हणून मिळणारे बोर्ड चीनमधील छोटे कारखाने बनवतात, आणि त्यांवर जुन्या बोर्डांवरून उतरवलेल्या चिप पुन्हा लावलेल्या असतात. नावात ‘एक्स९९’ असले तरी कित्येक बोर्डांवर प्रत्यक्षात एच८१ किंवा बी८५ सारखा त्या काळातील साधा डेस्कटॉप चिपसेट निघतो. ग्राफिक्स कार्डाकडे माहिती नेणाऱ्या लेन प्रोसेसरमधूनच येत असल्यामुळे ही बदलाबदल चालून जाते आणि वापरणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही. यूएसबी आणि साटा पोर्टांची संख्या कमी पडली की शंका येते.

चिपसेटपेक्षाही चिंतेचा भाग म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, ज्याला व्हीआरएम म्हणतात. या झिऑनची उष्णतेची मर्यादा १२० वॅट आहे. तेवढी वीज तासन्‌तास पुरवायची तर त्या भागातील मॉस्फेट आणि कॉइल दर्जेदार हवेत आणि त्यांवर खरोखर चिकटलेला हीटसिंक हवा. स्वस्त बोर्डांवर हीटसिंक अनेकदा शोभेपुरता असतो. मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत, दहा बाय दहाच्या खोलीत, वातानुकूलनाशिवाय, भिंतीला टेकवलेल्या कॅबिनेटमध्ये या भागाची जी परीक्षा होते, ती कारखान्यात कोणी घेतलेली नसते. त्यानंतर चार महिने दमट हवा असते. झोपवलेला संगणक पुन्हा न उठणे, बायोसचे (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरचे) अद्ययावत रूप कुठेच न मिळणे, पंख्याचा वेग नीट न बदलणे, या तक्रारी त्यामानाने किरकोळ म्हणाव्या लागतील.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी गिरगावातील एका ओळखीच्या मुलाला मी असाच एक संच बांधून दिला होता, आणि त्या वेळी मला माझ्या हिशेबाचा अभिमानही वाटला होता. चौदा महिने तो उत्तम चालला. जुलैमधल्या एका सकाळी तो सुरू झाला नाही. प्रोसेसर ठीक होता, रॅमच्या चारही पट्ट्या ठीक होत्या, ग्राफिक्स कार्ड माझ्या मशीनवर व्यवस्थित चालत होते. गेला होता फक्त बोर्ड. ज्याच्याकडून तो घेतला होता त्या दुकानदाराने एक महिन्याची ‘टेस्टिंग वॉरंटी’ दिली होती, आणि ती संपून वर्ष उलटले होते. त्याच बनावटीचा दुसरा बोर्ड मिळेना. जे मिळत होते त्यांची किंमत पहिल्याहून जास्त होती आणि तेही वॉरंटीशिवाय. शेवटी त्या मुलाच्या वडिलांनी नवा डेस्कटॉप बोर्ड, नवा प्रोसेसर आणि नवी रॅम घेतली, कारण जुन्यापैकी यांतले काहीच नव्या बोर्डावर चालणारे नव्हते. ती ३२ जीबी रॅम अजून माझ्या कपाटात आहे. वाचवलेल्या सहा हजारांचे काय झाले, हे त्यांनी मला विचारले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि खरे तर हा एकच मुद्दा पुरेसा ठरावा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा झिऑन बसत नाही. आडमार्गाने विंडोज ११ बसवता येते आणि चालतेही, पण व्हॅलोरंटची फसवणूक-रोधक यंत्रणा विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दोन्ही मागते. या बोर्डांवर टीपीएम सहसा नसते, आणि सिक्युअर बूट असले तरी ते धड चालेल याचा भरवसा नसतो. आय३-१२१००एफ किंवा रायझन ५ ५६०० असलेल्या बोर्डावर या दोन्ही गोष्टी बायोसमध्ये एकेका पर्यायावर सुरू होतात. अशी अट घालणाऱ्या ऑनलाइन खेळांची संख्या वाढत आहे. ज्या खेळासाठी पीसी घ्यायचा, तोच उघडणार नसेल तर चौदा कोअर घेऊन काय करायचे?

विजेचा मुद्दा लोक फुगवून सांगतात, म्हणून त्याचा हिशेब येथे करून टाकतो. खेळताना दोन मशीनमध्ये ६० वॅटचा फरक धरला आणि रोज पाच तास खेळ धरला, तर वर्षाला सुमारे ११० युनिट जास्त लागतील. दहा रुपये युनिट धरले तर अकराशे रुपये. हे नगण्य नाही, पण केवळ यासाठी निर्णय बदलावा एवढे मोठेही नाही. ती ६० वॅट उष्णता तुमच्याच खोलीत सोडली जाते, याचा त्रास कदाचित बिलापेक्षा जास्त होईल.

सर्व्हरच्या जातीचा माल घ्यायचाच असेल, तर त्यातला एक प्रकार मी आदराने बाजूला काढतो, आणि तो म्हणजे नामांकित कंपन्यांची जुनी वर्कस्टेशन. एचपी झेड४४० किंवा डेल प्रिसिजन टी५८१० ही याच सॉकेटची यंत्रे आहेत आणि कार्यालयांनी ती मोडीत काढल्यावर मुंबईतही येतात. त्यांचा बोर्ड खऱ्या अर्थाने वर्षानुवर्षे चालण्यासाठी बनवलेला असतो. अशा यंत्रात चौदा कोअरचा झिऑन घेण्यापेक्षा ई५-१६५० व्ही४ सारखा सहा कोअरचा, ४ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा प्रोसेसर शोधावा; खेळाला तो बराच अधिक मानवतो. मर्यादा अशा की बोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट यांची मापे आणि जोडण्या कंपनीच्या स्वतःच्या असतात, त्यामुळे एक भाग गेला की बाजारातला साधा भाग बसत नाही. ग्राफिक्स कार्डाच्या वीजजोडण्या किती आणि किती पिनांच्या आहेत, हेही आधी मोजून घ्यावे लागते. विंडोज ११ ची आणि व्हॅलोरंटची अडचण येथेही उरतेच, म्हणून तुम्हाला मी हेही सुचवत नाही. रॅकमध्ये बसणाऱ्या सपाट सर्व्हरचा विचार तर मनातून काढूनच टाका. त्यांचे पंखे चाळीतल्या शेजाऱ्यांनाही जागे ठेवतील. कोणी टेस्ला पी४० सारखे २४ जीबीचे सर्व्हरचे ग्राफिक्स कार्ड स्वस्तात देऊ लागला, तर लक्षात ठेवा की त्याला मॉनिटर जोडायला पोर्ट नसतो, स्वतःचा पंखा नसतो आणि त्याची वीजजोडणी प्रोसेसरच्या आठ पिनांसारखी असते. ते गणितासाठी बनवलेले आहे, खेळासाठी नाही.

आता तिसरा मार्ग. वर म्हटल्याप्रमाणे प्रोसेसर क्वचित बिघडतो आणि बोर्ड तुलनेने लवकर बिघडतो. यावरून साधे धोरण निघते: प्रोसेसर जुना घ्यावा आणि बोर्ड नवा, बिलासह, कंपनीच्या वॉरंटीचा घ्यावा. सर्व्हरच्या बाबतीत हे शक्य नाही, कारण नामांकित नवा बोर्ड अस्तित्वातच नाही. डेस्कटॉपच्या बाबतीत मात्र एएमडीच्या एएम४ सॉकेटचे आणि इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे नवे बोर्ड आजही दुकानात मिळतात. लोक आपले मशीन वाढवतात तेव्हा रायझन ५ ५६००, आय३-१२१००एफ, आय५-१२४००एफ असे प्रोसेसर विकायला काढतात, आणि डेस्कटॉपची १६ जीबी रॅमही जुन्या बाजारात मिळते. या पद्धतीने तुमच्या यादीतील १९,५०० चा आकडा मोलभाव करून सोळा हजारांच्या आसपास आणता येईल असा माझा अंदाज आहे. मग ग्राफिक्स कार्डासाठी साडेचौदा हजार उरतात, आणि झिऑनच्या बाजूने असलेला एकमेव खरा युक्तिवाद, म्हणजे चांगल्या कार्डाचा, बराच दुबळा होतो. यांपैकी निवडायचे झाले तर रायझन ५ ५६०० मिळाल्यास तो घ्या. सहा कोअर आणि ३२ एमबी कॅश (प्रोसेसरमधीलच चटकन हाती येणारी मेमरी) यांचा या खेळांना उघड फायदा होतो. त्याच्याखाली ए५२० बोर्ड चालेल, पण बी५५० परवडला तर ग्राफिक्स कार्डाला पीसीआयई ४.०, म्हणजे जास्त वेगाची जोडणी, मिळते. एलजीए १७०० वर जाताना तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा जुना आय७ किंवा आय९ स्वस्तात दिसला, तर मोहात पडू नका: त्या पिढ्यांच्या शक्तिशाली प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे झीज होण्याचा दोष निघाला होता, आणि झालेली झीज नंतरच्या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या सुधारणेने) भरून येत नाही. बाराव्या पिढीला तो दोष नाही.

ग्राफिक्स कार्ड जुने घेताना पिढीकडे लक्ष द्या. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १० मालिकेला ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर मिळत नाहीत, फक्त सुरक्षेचे मिळतात, आणि एएमडीचे आरएक्स ५८० ही आता मागे पडलेल्यांत जमा आहे. साडेचौदा हजारांच्या आसपास ८ जीबीचे आरएक्स ६६०० शोधा. त्याला १३२ वॅट लागतात आणि साधारण ५०० वॅटचा नावाजलेला एसएमपीएस त्याला पुरतो. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा, डब्यावर मोठा आकडा छापलेला एसएमपीएस वापरू नका. यात काटकसर केली तर वर सांगितलेली सगळी काळजी व्यर्थ जाते. सर्व्हरच्या मालातील एक वस्तू मात्र मी आनंदाने सुचवेन, ती म्हणजे सर्व्हरमधून निघालेली साटा एसएसडी. तिची लिहिण्याची क्षमता घरगुती एसएसडीपेक्षा खूप जास्त असते, आणि कितपत वापरली गेली आहे हे क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमवर पाच मिनिटांत दिसते. एसएएस प्रकारची डिस्क मात्र चुकून घेऊ नका; डेस्कटॉपच्या साटा जोडणीत ती बसणारच नाही.

तुम्ही व्हर्च्युअल मशीन चालवणारे, मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणारे किंवा रात्रभर ब्लेंडर या प्रोग्रॅममध्ये त्रिमितीय चित्रे तयार करणारे असता, तर चौदा कोअर आणि ३२ जीबी यांच्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहिले असते, आणि झेड४४० घ्या असे म्हटले असते. अभियांत्रिकीच्या अभ्यासात असे काम येईल, असे तुमच्या मनात असेल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पांना सहा कोअर पुरतात.

खरेदीच्या दिवशी लॅमिंग्टन रोडसाठी ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून जाताना खिशात एक पेन ड्राइव्ह असू द्या, त्यावर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) आणि एखादी लाइव्ह लिनक्स (पेन ड्राइव्हवरूनच चालणारी) टाकून न्या. जुना रायझन घेताना त्याच्या खालच्या पिना मोबाइलच्या टॉर्चमध्ये तिरप्या नजरेने पाहा. एकही वाकलेली असेल तर भाव न करता परत द्या. इंटेलच्या बाबतीत पिना बोर्डावर असतात, त्यामुळे नवा बोर्ड उघडताना दुकानदारासमोरच सॉकेटचे झाकण काढून फोटो काढा, नाहीतर वाकलेल्या पिनेचे खापर तुमच्यावर फुटते. प्रोसेसरच्या धातूवर ‘कॉन्फिडेन्शियल’ असे इंग्रजीत कोरलेले असेल, तर तो चाचणीचा नमुना आहे, घेऊ नका. ग्राफिक्स कार्ड जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये तपासा आणि किमान वीस मिनिटे पूर्ण भारावर चालवून पाहा. नाव बदललेली खोटी कार्डे या रस्त्यावरही फिरत असतात. रॅमच्या सोनेरी पट्टीवर हिरवट डाग दिसले, तर समुद्राच्या हवेने काम सुरू केले आहे असे समजा. बोर्डाच्या बिलावर त्याचा सीरियल क्रमांक लिहून घ्या, कारण सर्व्हिस सेंटरमध्ये नेताना तोच लागतो. रविवारी मात्र जाऊ नका, बहुतेक दुकाने बंद असतात.